काना राहिलाय

एकतीस डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीत चिठ्ठ्या वाटतात. नवं वर्ष लागायला दहा-बारा मिनिटं असतात, पाळकसाहेबांचा संदेश संपलेला असतो, पोरं मागच्या बाकांवर पेंगलेली असतात, आणि स्टीलच्या दोन थाळ्यांतून घडी घातलेल्या कागदांचा ढीग फिरायला लागतो. प्रत्येकानं न बघता एक उचलायची. आत पवित्र शास्त्रातलं एक वचन. ते आपलं वर्षाचं वचन. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी फ्रिजवर चिकटवतं. माझी आई शिवणयंत्राच्या खणात ठेवायची. ती गेल्यावर खण उपसला, तर दोऱ्याच्या रिळांखाली पस्तीस-चाळीस वर्षं सापडली.

२०२४ च्या शेवटच्या रात्री माझ्या चिठ्ठीत छापलं होतं: ‘म्हणून मला अशा आहे. विलापगीत ३:२१.’

मी प्रुफं तपासते. वीस वर्षं हेच करतेय. लोकांना वाटतं, दिवसभर वाचन, काय मजा! मजा नसते. अर्थात शिरलं की चूक निसटते, म्हणून अर्थाला दाराबाहेर उभं करायचं आणि अक्षरं बघत राहायची, असा हा धंदा. त्यामुळे त्या चिठ्ठीत मला देवाचं वचन वगैरे काही दिसलं नाही. अशा. काना राहिलाय. बारा वाजले, घंटा झाली, सगळे एकमेकांना सलाम करत शुभेच्छा देत होते आणि मी पर्समध्ये पेन्सिल शोधत होते.

आई जाऊन दोन महिने होत आले होते. तेवढ्या काळात मंडळीत मी कुणाशी धड बोलले नव्हते. उशिरा यायचं, शेवटच्या आशीर्वादाआधी निघायचं. त्या रात्री पहिलं वाक्य बोलले ते तरुणसंघातल्या एका मुलाशी, कारण चिठ्ठ्या त्यानं टाइप केल्या होत्या. म्हटलं, “बाळा, ‘आशा’तला काना राहिलाय.”

तो पांढराफटक पडला. “मावशी, हे वचन आठ जणांना गेलंय.”

“मग आठ जणांना अशा आहे,” मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले, आणि मग रिक्षात बसेपर्यंत स्वतःवरच चिडत राहिले, की हसलीस कशी.

त्या वर्षाचं बाकीचं सगळं दोन ओळींत सांगण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये ज्यांच्यासाठी मी सोळा वर्षं काम केलं त्यांनी मुद्रितशोधन बंद केलं. शुद्धलेखन आता संगणक तपासतो म्हणाले. घरकर्जाचे हप्ते नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर आले. लेकीची फी भरायला माझ्या बांगड्या गेल्या. हे सगळ्यांच्या घरात होतं, आमच्याही झालं. जुलैतला एक गुरुवार मात्र दोन ओळींत सांगता येत नाही.

सकाळी सव्वानऊला आईचा नगरहून फोन आला. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडून अजून नगरच येतं.) ती धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, वहिनी माहेरी. माझ्यापुढे शाळेच्या एका मार्गदर्शकाची बहात्तर पानं होती आणि ती बाराच्या आत द्यायची होती. आई काहीतरी सांगत होती. शब्द जाड येत होते, शेवटची अक्षरं गळत होती, मधेच एखादा शब्द नुसताच वाहून जात होता. मी म्हटलं, “आई, रेंज नाही गं, आवाज तुटतोय. दुपारी करते.” ती आणखी काही म्हणाली. मी फोन ठेवला आणि ‘विद्यार्थीनी’ची ‘विद्यार्थिनी’ केली. हे मला नक्की आठवतं, कारण पुढे ती पानं मी परत काढून बघितली. त्या पानावर माझी खूण आहे.

भाऊ साडेतीनला घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “शेवटचं नीट कधी बोलल्या?” अर्धांगवायूत मेंदूतली गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं. ते साधारण साडेचार तासांच्या आत दिलं तर उपयोग; त्यानंतर फायद्यापेक्षा धोका वाढतो. म्हणून ती वेळ विचारतात. भावानं मला फोनवर विचारलं, मी ‘सव्वानऊ’ म्हणाले आणि मग जे खरं होतं ते सांगितलं, की सव्वानऊलाच तिचं बोलणं नीट नव्हतं. तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तुला सगळ्यांच्या चुका सापडतात ना?”

ते एक वाक्य पुढचे नऊ महिने आमच्यात राहिलं. पैशांचं, औषधांचं, डायपरचं बोलणं व्हायचं. बाकी काही नाही.

आईची उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. समजत सगळं होतं. बोलता येत नव्हतं. ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडायची आणि ‘ते... ते...’ एवढंच यायचं. ज्या बाईनं शब्बाथशाळेत तीस वर्षं पोरांकडून वचनं पाठ करून घेतली, नगरलाच १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’चा अंक जिनं कधी न वाचता ठेवला नाही, तिला पाणी मागता येईना. डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर मूठ आपटायची. ती मूठ मला अजून ऐकू येते.

ऑक्टोबरमध्ये एकदा तिच्या महिला सभेतल्या तिघीजणी घरी आल्या. मी तेव्हा आठवडाभर नगरला होते. त्यातली एक आईपेक्षाही मोठी, ऐंशीच्या पुढची. सगळा मोहल्ला तिला मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्यांनी टाळ आणले होते. मला वाटलं, आता हे काय, पेशंटच्या खोलीत. मावशींनी एक जुनं भजन धरलं. मिशनच्या कंपाउंडांतून शंभर वर्षं गायलं गेलेलं, टाळावर बसणारं, ओवीच्या अंगानं जाणारं. दुसऱ्या ओळीला आईचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला शब्द आले. ते, ते नाही, शब्द. जोडाक्षरांसकट. चाल डळमळीत होती, आवाज खरखरीत होता, पण कडवंभर ती गात होती. टाळ थांबले आणि मी घाईनं विचारलं, “आई, पाणी देऊ?” तिनं तोंड उघडलं. “ते...”

नंतर डॉक्टरांनी समजावलं, की असं होतं. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, गाण्याचा पुष्कळ भाग उजव्या बाजूनंही चालतो, म्हणून वाचा गेलेल्या माणसाला कधीकधी पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. त्यात चमत्कार काही नाही. मला ते पटलं, आणि बरंही वाटलं, कारण चमत्कार म्हटलं असतं तर मग पाण्याचं काय, असं मी विचारलं असतं. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. त्या खोलीत चार बायका गात होत्या, त्यांत एक अशी की जिला बोलता येत नव्हतं. आणि जिला सगळं बोलता येत होतं, ती मी, दाराला टेकून गप्प उभी होते. मला ते भजन पाठ आहे. तोंडातून येईना.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई गेली. आमच्यात ‘प्रभूमध्ये निजली’ म्हणतात. पेटी उतरवताना पाळकसाहेबांनी मातीचं वाक्य म्हटलं, मी मूठभर माती टाकली, ती पेटीच्या झाकणावर पडल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. देव नाही असं मला एकदाही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर निदान भांडण मिटलं असतं. तो आहे, आणि त्यानंही त्या गुरुवारी फोन ठेवला, असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मान डोलावली. आपल्या लोकांना सांत्वन करायची फार घाई असते, हे माझं मत आता पक्कं झालंय. मातीवरची फुलं सुकायच्या आत ‘सगळ्यातून भलंच होतं’ म्हणायला येतात. म्हणणाऱ्याचं मन शांत होतं, बाकी काही नाही.

फक्त मावशींचा फोन वेगळा आला. पंधरा दिवसांनी. “प्रार्थना करतेस का?” मी म्हटलं, “नाही होत.” म्हटलं आता बोलणी बसतील. तर म्हणाल्या, “बरं. मग तुझ्या वाटणीची मी करते. तुला येईल तेव्हा सांग. तोवर तू फक्त जेवत जा.” आणि फोन ठेवला. ऐंशीच्या पुढच्या बायका फोन असाच ठेवतात. पण पुढे दर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, त्यांची सभा असते त्या वेळेला, मला आठवायचं की नगरला कुणीतरी माझ्या जागेवर बसलंय. शाळेत आजारी मैत्रिणीची हजेरी लावायचो, तसं काहीसं.

जानेवारीत त्या तरुणसंघाच्या मुलाचा व्हॉट्सअॅप आला. सोबत पीडीएफ. ‘मावशी, तेवढं बघून द्याल? परत काना राहायला नको.’ मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो; बायकांनी बायकांसाठी चालवलेला. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया सगळ्या जगासाठी उपासनेचा क्रम लिहितात आणि तोच क्रम त्या दिवशी देशोदेशी आपापल्या भाषेत वाचला जातो. २०२५ साली पाळी होती कुक बेटांची. मला आधी नकाशात शोधावं लागलं. दक्षिण प्रशांत महासागरात पंधरा बेटं, न्यूझीलंडपासूनही लांब. त्या बायका एकमेकींना ‘किआ ओराना’ म्हणतात. म्हणजे दीर्घायुषी व्हा. विषय होता एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र, माणूस किती अद्भुत रीतीनं घडवला गेलाय त्याचं.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बारा पानं काढली. पैसे मिळणार नव्हते, पण ऑगस्टनंतर पहिल्यांदा कुणी मला प्रुफं दिली होती. लाल पेन घेतलं, अर्थाला नेहमीसारखं बाहेर उभं केलं. एकवीस चुका निघाल्या. ‘प्राथर्ना’ चार ठिकाणी. टायपिंगमधला हा सार्वजनिक रोग आहे, रफार एक घर पुढे सरकतो. पण उपासनेचा क्रम काही मार्गदर्शकासारखा नसतो. त्यात ठळक अक्षरांत ‘सर्व’ असं छापलेलं असतं आणि पुढे सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ. शुद्धलेखन तपासायला मी ओळ मोठ्यानं वाचते, ही जुनी सवय. आठव्या-नवव्या पानावर माझ्या लक्षात आलं, की घरात कुणी नाही आणि मी ‘सर्व’च्या ओळी मोठ्यानं म्हणतेय. कुक बेटावरच्या कुण्या बाईनं लिहिलेल्या, कुणी मराठीत आणलेल्या, एका मुलानं चुकतमाकत टाइप केलेल्या. मी त्यांना प्रार्थना म्हटलं नाही. प्रूफवाचनच म्हटलं. मग पुढचं पान घेतलं.

चिठ्ठी तोवर पर्समध्येच होती. एका रात्री झोप येईना म्हणून विलापगीत काढलं, एकविसाव्या ओवीच्या आधी काय आहे ते बघायला. ‘म्हणून’ म्हटलंय, तर कशाच्या म्हणून? आधीच्या वीस ओव्यांत हा माणूस देवावर तोंडसुख घेतोय. तू अस्वलासारखा दबा धरून बसलास. खड्यांनी माझे दात पाडलेस. मी हाक मारतो तर माझी प्रार्थना दाराबाहेरच ठेवतोस. मी उठून दिवा लावला. हे पवित्र शास्त्रात आहे? हे तर माझं आहे. लहानपणापासून वचनं पाठ केली, पण चिठ्ठ्यांवर नेहमी एकविसावी ओवी येते. आठवी कधी कुणी छापली नाही.

पुढच्या रविवारी मी आशीर्वादानंतर थांबले आणि पाळकसाहेबांना विचारलं. ते धर्मज्ञान महाविद्यालयात हिब्रू शिकलेले. कुणी विचारत नाही म्हणून बिचारे गप्प असतात. त्यांनी फळ्यावर समजावल्यासारखं हवेत बोटं नाचवत सांगितलं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्यानंतरचा हा आक्रोश. पाच अध्याय म्हणजे पाच कविता. हिब्रूत अक्षरं बावीस. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कवितेत बावीस-बावीस ओव्या, प्रत्येक ओवी वर्णमालेतल्या पुढच्या अक्षरानं सुरू. तिसऱ्यात सहासष्ट, एका अक्षराच्या तीन-तीन. पाचव्यात ओव्या बावीसच, पण अक्षरांची ओळ सुटलेली. मराठीत यातलं काही येत नाही, भाषांतरात ते गळूनच जातं.

मी घरी आले ती हेच डोक्यात घेऊन. गाव जळलंय, पोरं उपाशी मेलीत, आणि हा माणूस बाराखडी गिरवतोय. मला ते विचित्र वाटलं नाही. मला ते धंद्यातलं वाटलं. अर्थ बघवत नाही तेव्हा माणूस अक्षरांना धरतो. पहिलं अक्षर, मग दुसरं, मग तिसरं. आणखी एक गंमत त्यांनी नंतर फोन करून सांगितली: पहिल्या कवितेत ‘अयिन’ आणि ‘पे’ ही अक्षरं नेहमीच्या क्रमानं येतात, पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कवितेत उलटी. जुन्या काळी वर्णमालेचा तसाही क्रम चालायचा. मला मात्र गंमत वाटली, की दोन अक्षरं मागंपुढं झालीत आणि अडीच हजार वर्षं कुणी लाल पेन घेऊन गेलं नाही.

आणि आशा? ती मधोमध आहे. तिसऱ्या कवितेत येते, वीस-एक ओव्या राहते. दया रोज सकाळी नवी होते असं म्हणते. मग चव्वेचाळिसाव्या ओवीत पुन्हा तेच: तू स्वतःभोवती ढग ओढून घेतलास, प्रार्थना आत येत नाही. पुस्तक संपतं तेही धड संपत नाही, आम्हाला पुरतं टाकलंस की काय, अशा वाक्यावर. यहुदी लोक सभास्थानात हे वाचतात तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर थांबत नाहीत, तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणतात आणि मग थांबतात. कुणालाही तसंच करावंसं वाटेल. पण लिहिणाऱ्यानं तशी सोय केली नाही.

ज्या प्रतीत मी हे वाचत होते ती आईची. तिच्याकडे ती तिच्या आजीकडून आलेली. पंडिता रमाबाईंचं भाषांतर. माझी ही पणजी दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायची. तिच्या बोटांच्या पेरांत शाई कायमची मुरली होती, असं आई सांगायची. रमाबाईंबद्दल आपण शाळेत दोन परिच्छेद शिकतो आणि शारदा सदनापाशी थांबतो. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत होतं म्हणून ते राहिलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, हे सगळं त्याआधीच झालं होतं. म्हणजे विश्वास धरल्यावर दुःख थांबलं, असंही नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र आणायचं म्हणून. मजकूर त्यांचा, खिळे मुक्तीतल्या मुलींचे. काम संपत आलं असताना, जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. पुढच्या एप्रिलच्या पाच तारखेला रमाबाई गेल्या. पुस्तक छापून पुरं झालं १९२४ साली.

मधले नऊ महिने मी मोजले. जुलै ते एप्रिल. मोठमोठ्या गोष्टी माणसाला धीर देतात असं म्हणतात, मला नाही देत. उलट त्यांच्यापुढे आपण लहान वाटतो. पण मुलीला पुरून आलेली, कानानं अधू, त्रेसष्ट वर्षांची बाई पुन्हा टेबलाशी बसते आणि कालच्या पानाच्या पुढचं पान घेते, हे मला दिसू शकलं, कारण टेबलाशी बसणं मला माहीत आहे. तिला त्या दिवशी काय वाटत होतं कोण जाणे. पान तर पुढे गेलं. एखाद्या पानाचे खिळे माझ्या पणजीनं लावले असतील.

उत्तम शुक्रवारी, अठरा एप्रिलला, मी नगरला गेले. तीन तासांची उपासना, वधस्तंभावरच्या सात शब्दांची. सुरुवातीला पापकबुलीची प्रार्थना असते. जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, आणि जे करायला नको होतं ते केलं, अशा अर्थाची. तीही ‘सर्व’ची ओळ. मला बोलता यायला लागल्यापासून मी ती म्हणत आलेय, बसचं तिकीट काढावं तशी. त्या दिवशी पहिल्या अर्ध्या वाक्यावर माझा आवाज अडकला. सव्वानऊ. डाव्या हाताला मावशी बसल्या होत्या. त्यांनी वाक्य पुरं केलं. दोन बाक पुढे माझा भाऊ उभा होता. त्याची मान खाली होती, ओठ हलत होते. तीनशे माणसं ‘आम्ही’ म्हणत होती. ‘आम्ही’ हा शब्द तिथे का आहे, ‘मी’ का नाही, हे चाळीस वर्षांत मला कधी खटकलं नव्हतं, आणि मी तर खटकण्याचे पैसे घेते.

ईस्टरला पहाटे चारला प्रभातफेरी निघाली. ढोलकी, झांजा, मोबाइलच्या टॉर्चा, स्वेटर घातलेली बाळं, कुत्र्यांची साथ. भेटेल त्याला ‘प्रभू उठला आहे’ म्हणायचं, त्यानं ‘खरोखर उठला आहे’ म्हणायचं. फेरी गल्लीगल्लीतून दफनभूमीपाशी आली तेव्हा फटफटत होतं. लोक आपापल्या माणसांकडे पांगले. उदबत्तीसारख्या बारीक मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या. आईची कबर अजून कच्चीच होती, मातीचा उंचवटा आणि कडेनं विटा. भावानं डोक्याशी गुलाबाचं रोप लावलं होतं. तो बाटलीनं त्याला पाणी घालत होता.

मी म्हटलं, “प्रभू उठला आहे.”

तो म्हणाला, “खरोखर उठला आहे.” मग बाटलीचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, तिनं आधी मला फोन केला होता. नऊ-पाचला. कंपनीत फोन लॉकरमध्ये असतो. जेवणाच्या सुट्टीत मिस कॉल बघितला. म्हटलं, सुटल्यावर जातोच आहे घरी.”

मी काही बोलले नाही. तोही. शेजारच्या कबरीवर कुणीतरी लहान मुलाला दटावत होतं, की मेणबत्ती विझवू नकोस, वाढदिवस नाहीये. भावाला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे रडणं झालं. तो विटांवर खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसले. माझी सव्वानऊची वेळ पुसली गेली नाही. आजही नाही. तिच्या शेजारी आता नऊ-पाच येऊन बसली आहे, आणि दोघींना एकमेकींची सोबत आहे. मागे कुठेतरी ते भजन सुरू झालं, आई गायलेलं. मी गायले. चाल मावशींनी फार वर धरली होती, माझा आवाज पोचला नाही, मी खालच्या पट्टीत गायले.

परत येताना मावशींना सांगितलं, “मावशी, माझ्या वाटणीची आता मी करेन.” त्या म्हणाल्या, “कर की. मी पण करते. सवय झालीये.”

काम थोडंथोडं येतंय; दिवाळी अंकांचं आलं होतं, दोन दिवस संगणकानं ‘तपासलेल्या’ मजकुराचंही आलं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. हप्ते तसेच आहेत. काही गुरुवारी सकाळी सव्वानऊला मी फोनकडे बघत नाही.

या महिन्यात आईला वर्ष झालं. भावानं कबर बांधायला काढली. परवा त्याचा व्हॉट्सअॅप आला, काळ्या दगडावर खडूनं आखलेल्या अक्षरांचा फोटो, खाली एवढंच: ‘ताई, तू तपासून दे. त्याशिवाय छिन्नी लावू नको म्हणालोय.’ मी फोटो मोठा करून चारदा वाचला. नाव, ‘पुनरुत्थानाच्या आशेने’, तारखा. अक्षरं बरोबर होती. जन्मतारीख एक जून लिहिली होती. ती शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. आई कायम म्हणायची, मी श्रावणातली, माझ्या वेळी घर गळत होतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, आधार कार्डावर एक जूनच आहे. मी म्हटलं, आधार कार्ड पुरलंय का आपण? तो म्हणाला, मग श्रावणातली तारीख कुठून आणू? आमचं वीस मिनिटं चाललं. मधेच दगडवाल्यांचा आवाज आला, ते शेजारीच उभे होते: “ताई, काय ते एकदा फायनल सांगा. काना-मात्रासुद्धा बघून घ्या. दगडाला खोडरबर नाही.”

“दोन मिनिटं थांबा,” मी म्हटलं, “मावशींना विचारते. त्यांना माहीत असेल.”